जुन्या सर्व्हरची वेळ

रत्नागिरी स्टँडमागच्या कादिरशेठच्या कोळंबी निर्यातीच्या ऑफिसात हातातल्या घड्याळाला किंमत नव्हती. कॉम्प्युटरवर साडेपाच वाजले की उठायचं. एक मिनिट आधी सोडा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्या आठवड्यात कॉम्प्युटरवाल्या अक्रमने जुना सर्व्हर काढला आणि ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर नव्याला जोडले. त्याच संध्याकाळी ऑफिसात काम करणारी मनस्वी नेहमीसारखी साडेपाचला उठून स्टँडवर गेली, तर तिच्या गावची, मालगुंडची गाडी सुटलेली. चार वर्षांत तिची गाडी कधी चुकली नव्हती. घरी तान्हं पोर, आणि पुढची गाडी पार अंधार पडल्यावर. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

तिसऱ्या दिवशी मन घट्ट करून ती शेठच्या केबिनकडे निघाली. रोज थोडं लवकर सोडा, नाहीतर नोकरी सोडते, एवढंच सांगायचं होतं. दार अर्धवट उघडं होतं. आत अक्रम सांगत होता, "शेठ, जुन्या सर्व्हरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. सगळे कॉम्प्युटर त्याच्यावरूनच वेळ घ्यायचे. नव्यावर मी बरोबर लावून दिलंय."

"परत पुढे कर."

"पण शेठ, चूक होती ती."

"चूक कसली? मीच लावलेलं." शेठनी आवाज खाली आणला. "मालगुंडची गाडी थांबते काय त्या पोरीसाठी? आणि हे बाहेर बोलू नको. ऑफिसची शिस्त बिघडेल."