एकच श्रोता

व्हर्लिन कोटांच्या कपाटातून बाहेर आला तो घामाने निथळत. बाहेर मिनेसोटातला फेब्रुवारी, खिडक्यांवर बर्फ चढलेला, आणि हा गडी घामाघूम.

"झालं का रे प्रवचन?" थोरल्या बहिणीने, आर्डिसने, ओव्हनमध्ये बटाटे-मांसाची हॉटडिश भाजायला सरकवत विचारलं.

"झालं. टाकलंसुद्धा." त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला. "आज सगळं बोललो. शेरॉनच्या अंत्यविधीचंही."

आर्डिसचा हात ओव्हनच्या दारावरच थांबला. त्या दिवशी चर्चमध्ये पाद्रीबाबा म्हणाले होते, आता व्हर्लिन बायकोबद्दल दोन शब्द बोलतील. आणि हा बाकाला खिळून बसला. चारचौघांत बोलायचं म्हटलं की जन्मभर याची बोबडी वळायची. पण ते लेकीला कसं पटावं? "आईसाठी दोन शब्दसुद्धा निघाले नाहीत तुमच्या तोंडून," एवढं म्हणून सिग्ना गेली, ती गेलीच. फोन उचलेना. तिच्या कानी पडावं म्हणून तर हा पॉडकास्टचा खटाटोप.

कोटांमध्ये आवाज घुमत नाही म्हणतात. शेरॉनच्या निळ्या कोटाकडे तोंड करून तो बोलायचा. पहिल्या भागात नुसता त्याचा श्वासच ऐकू येत होता.

"ऐकतं का पण कुणी?"

"एक जण ऐकतं." व्हर्लिन लाजल्यासारखा हसला. "दर वेळी. मी टाकायचा अवकाश, ऐकणाऱ्यांचा आकडा शून्याचा एक होतो. त्या एकाच्या जिवावर तर धीर आला, नाहीतर केव्हाच गाशा गुंडाळला असता."

"सिग्ना?"

"दुसरं कोण बसलंय माझी वाट बघत?"

तेवढ्यात टेबलावर व्हर्लिनचा फोन वाजला. आर्डिसने चष्मा चढवला. "तुझाच कार्यक्रम आलाय की. 'नवीन भाग आपोआप उतरवला.' म्हणजे तूच तुझं गिऱ्हाईक? धन्य आहेस बाबा." ती खो खो हसली.

पहिल्याच दिवशी, कार्यक्रम नीट दिसतोय का ते बघायला, त्यानेच तो आपल्या फोनवर लावून ठेवला होता. नंतर काढायचं राहून गेलं.

व्हर्लिनने लॅपटॉपकडे पाहिलं. शून्याचा एक झाला होता.

आर्डिसचं लक्ष आधी त्या आकड्याकडे गेलं, मग भावाच्या तोंडाकडे. तिचं हसू मावळलं. "अरे, तिनेही ऐकलं असेल एखादवेळी," ती म्हणाली. "ती मशीनं काय, काहीही दाखवतात."

"एकच दाखवतात गं. दर वेळी एकच."

त्याने फोन घेतला, त्यातून आपला कार्यक्रम काढून टाकला.

"हॉटडिशला वेळ आहे ना अजून?" त्याने विचारलं.

"आहे. का रे?"

तो परत कपाटात शिरला आणि दार ओढून घेतलं.

"मी व्हर्लिन हाउगेन," तो निळ्या कोटाला म्हणाला. आवाज जराही कापला नाही. आता कुणाला भ्यायचं?