काटेवाली आन बिनकाट्याची

राजगडाखाली, पालीत सायबांचा बंगला हाय. तितं बागेच्या कामाला आमी दोघी जातो, मी आन द्वारका. सात वर्सं झाली. परवा अननसाच्या जातीच्या दोन शोभेच्या झाडांच्या कुंड्या म्या एकाच ओळीत मांडल्या, तर सायेब भडकले.

“अहो मावशी, ही एकमिया आणि ही व्रिसिया! दोघींच्या पानांवर पट्टे आहेत म्हणून काय दोघी एकच झाल्या? कडेवरून बोट फिरवा. हिला काटे आहेत, हिला नाहीत. माणसानं जरा बघायला शिकावं.”

बोट फिरवलं. रगत आलं. ते पदराला पुसलं आन दोन्ही झाडांच्या पानांमधी जो पेला असतो, त्यात फिल्टरचं पाणी वताय लागले.

मग सायबांनी आवाज बारीक केला. “मावशी, तुमचे मिस्टर गेल्याचं कळलं. फार वाईट झालं.”

मी समोर उभी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून.

“सायेब, मालक द्वारकाचं गेलं. ती घरी बसलीया. माझं मालक रोज तुमचं गेट उघडत्यात.”

“अरे, हो का?” सायेब हसले. “तुम्ही दोघी दिसताच सारख्या!” आन फडक्यानं एकमियाची पानं पुसाय लागले.

मला शिसारीच आली. सायेब आत गेल्यावर मी एका झाडाच्या पेल्यात मिसरी थुकले. कुठल्या, ते इचारू नका. मला बाई दोन्ही सारखीच दिसत्यात.