त्रेपन्न इंच

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकू नका. गोष्ट इतकी छोटी आहे की डुलकी घ्यायलाही वेळ मिळायचा नाही. एका सुताराच्या एका दुपारची गोष्ट. देवाचं नाव तिच्यात एकदाच येतं, पण येतं ते पोटातून.

सुतार कुबड्यांना खालून रबरी टोप्या बसवत होता. बायको शेजारी बसून काखेत यायच्या आडव्या दांड्यांवर रेक्झिन गुंडाळत होती. फळीवरचा रेडिओ देशाच्या प्रमुखांचं सकाळचं भाषण तिसऱ्यांदा ऐकवत होता.

“परवा रात्री त्यांनी आपल्या चौकीवर हल्ला केला. त्या क्षणापर्यंत युद्धाचा विचारही आमच्या मनाला शिवला नव्हता. पंधरा दिवसांत आपली मुलं विजयी होऊन घरी येतील.”

“पंधरा दिवस,” बायको म्हणाली. “आणि आपल्याला ऑर्डर वर्षभराची. महिन्याला चारशे जोड्या.”

“हळू बोल.”

“हळूच बोलतेय. मनाला शिवला नव्हता म्हणे! मग दीड महिन्यापूर्वी या कुबड्या कुणी सांगितल्या? मनाला न विचारता हातानेच सही ठोकली वाटतं!”

सुताराने दाराकडे पाहिलं. भिंतींना कान असतात म्हणतात, त्याच्या तर भिंतीही फळ्यांच्या, दोन-दोन बोटं फटी असलेल्या. “अगं, ऑर्डरच्या कागदावर शेवटी काय लिहिलंय, विसरलीस? बाहेर बोललात तर तुरुंग.”

“मला नाही गावाला सांगायचं. आपल्या पोराला तेवढं सांगा. भाषण ऐकल्यापासून हवेत आहे तो. संध्याकाळी फौजेत नाव द्यायला निघालाय. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल.”

सुतार काही बोलणार, तोच दारात ट्रक थांबला. पुरवठा खात्याचा कारकून उतरला, आणि माल चढवायला हात लावतो म्हणून त्याच्या मागोमाग मुलगाही आत आला. छाताड पुढे, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या.

आता कारकुनासमोर काय बोलणार? सुताराने घाम पुसला. मग ढिगाच्या तळाशी हात घालून एक जोडी ओढून काढली.

“साहेब, माल नेण्याआधी माप बघून घ्या. ये रे इकडे, उभा राहा.”

मुलाने कुबड्या काखेत घेतल्या. सुताराने वर दोन बोटं घालून पाहिली. बरोबर दोनच मावली.

“वा मिस्त्री!” कारकून खूश झाला. “अंगावर बेतून शिवल्यासारखी. जवान मुलांच्या मापाच्याच हव्या होत्या आम्हाला.”

“आई, बघ, लंगडीत पहिला नंबर!” मुलगा एक पाय उचलून खोलीभर टकटक करत फिरला.

“देवा!” आई म्हणाली. हातातलं रेक्झिन सुटून उलगडत गेलं. “ठेव रे ती खाली.”

त्याने ठेवली नाही. सुताराचाच मुलगा तो. वडिलांची सवय त्याला पाठ होती. कुठल्याही ऑर्डरच्या पहिल्या जोडीवर, रबरी टोपीच्या जरा वर, ते पेन्सिलीने तारीख लिहीत. त्याने सहज कुबडी उलटी केली. वाचलं. पुन्हा वाचलं. उचललेला पाय हळूच जमिनीला टेकला.

“बाबा, ही तारीख?”

कारकुनाने कागदांतून मान वर केली. “सांगा की मिस्त्री,” तो अगदी गोड आवाजात म्हणाला. “कधी मिळाली तुम्हाला ऑर्डर?”

बायको त्याच्याकडे बघत होती. मुलगाही.

“काल,” सुतार म्हणाला.

मुलाने वर पाहिलं. कुबड्यांचा ढीग छताला टेकला होता. वडिलांच्या तोंडून खोटं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

“काल. मेहनती माणूस!” कारकुनाने मान डोलावली. मुलाच्या हातातून कुबडी घेतली, जवळचा पॉलिश पेपर उचलला आणि तारीख सावकाश घासून काढली. वर फुंकर मारली. “लाकडावर असलं लिहू नये मिस्त्री. कुणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही.”

मग माल चढला. शेवटची खेप न्यायला मुलगा आत आला, तेव्हा कारकून बाहेर ट्रकपाशी होता. आईने मुलाचं मनगट धरलं. “कळलं ना तुला? नको जाऊ संध्याकाळी.”

त्याने खिशातून शिक्का मारलेली चिठ्ठी काढून तिच्या हातावर ठेवली.

“संध्याकाळी गर्दी असते म्हणून सकाळीच नाव देऊन आलो, आई.”

बाहेर हॉर्न वाजला. मुलाने ती पहिली जोडी इतर मालातून बाजूला काढली आणि खुंटीला अडकवली.

“ही देऊ नका, बाबा. एवढी घरात राहू दे.”

पुढचं मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी आज माझ्याने सांगवलं नसतं. त्या मुलाचं नावही मला विचारू नका. पण घरी जाऊन हात जोडाल तेव्हा त्याची आठवण ठेवा. देवाला ओळख पटायला हवी, म्हणून माप सांगा: काखेखाली दोन बोटं सोडून, त्रेपन्न इंच.