बाहेरचा टंबलर

अकराव्या पानापर्यंत इन्स्पेक्टर सांबशिवानं लाल पेन्सिल उचललीच नाही, तेव्हा भामाचा जीव खालीवर व्हायला लागला.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. रघोजी बाकावर भिंतीला डोकं टेकून बसला होता. उद्या तिरुवैयारुला खेळ, आणि घसा सकाळपासून बसलेला. तेरा वर्षं ही दोघं नाटक कंपनीत लोकांना हसवायचं काम करत होती, आणि तेरा वर्षं नव्या खेळाची वही घेऊन तंजावुरातल्या या ठाण्यात परवानगीला येत होती. गुडघे दुखायला लागले ते याच बाकावर, असं भामा म्हणायची.

एक युक्ती मात्र दोघांच्या अंगवळणी पडली होती. वहीत चार विनोद मुद्दाम भडक घालायचे. एक देवावर, एक भटजीवर, दोन मंत्र्यांवर. साहेब ते कापायचा, काम केल्याच्या समाधानात पुढली पानं भराभर उलटायचा, आणि खरं वाक्य तेवढ्यात गुपचूप पलीकडं जायचं. त्या चार विनोदांना भामा नैवेद्य म्हणायची.

"'देव सगळीकडं आहे, मग त्याच्या दाराला कुलूप कशाला?'" सांबशिवानं मोठ्यानं वाचलं आणि तो हसला. "बरं आहे."

"कापत नाही, अय्या?" रघोजीनं साहेबाला विचारलं. त्याला जवळजवळ अपमान वाटला होता.

"आता कशाला? मार्चात सरकार बदललं. नवे लोक हे असं बोलूनच तर निवडून आले." त्याच्या डोक्यामागं भिंतीवर जुन्या मंत्र्याच्या फोटोचा पांढरा चौकोन तेवढा राहिला होता. "मंत्र्यांवरचेही राहू द्या. जुन्या सरकारातलेच आहेत ना? आणखी दोन घाला."

रघोजी तिच्या कानाशी वाकला. "काय गे, नैवेद्याला शिवलाच नाही की हा."

"भूक राखून ठेवलीय," भामा म्हणाली.

एकोणिसाव्या पानावर पेन्सिल वर आली.

तिथं चहाच्या दुकानाचा प्रसंग होता. भामा दुकानवाली, रघोजी गिऱ्हाईक. आत पितळी टंबलर मांडलेले. बाहेर वळचणीच्या खिळ्याला एकच, ॲल्युमिनियमचा, गावाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांसाठी. रघोजी इकडं बघतो, तिकडं बघतो आणि विचारतो, "अक्का, तो बाहेरचा टंबलर हरवला, तर त्यांनी कशात प्यायचं?" भामा नुसती त्याच्याकडं बघत राहते. पडदा.

हे वाक्य भामानं लिहिलेलं. बाकीची सत्तावीस पानं तिनं त्याच्याभोवती केळीच्या पानासारखी गुंडाळली होती.

"याचं उत्तर कुठंय?" सांबशिवानं विचारलं.

"नाही, अय्या," भामा म्हणाली.

"मग विनोद कसला?"

"लोक हसले तर विनोद," रघोजी खरखरला.

"आणि नाही हसले तर?"

रघोजीला खोकला आला.

"हे बघा," सांबशिव म्हणाला. रागावून नाही, दिवसभरात दहाव्यांदा सांगावं तसं. "देवाला काय हवं ते म्हणा, तो तक्रार द्यायला येत नाही. उद्याचा तुमचा मांडव कोण घालून देतंय? तिथला मिरासदार, सगळी जमीन त्याची. नाक्यावरचं चहाचं दुकान त्याचंच. वळचणीला खिळाही आहे. मागच्या सरकारातही त्याचं चालत होतं, आताही चालतंय. तो मात्र येतो."

आणि त्यानं वाक्यावर रेघ ओढली. सरळ, सावकाश, वहीला दुखू नये इतक्या हलक्या हातानं.

भामाला वाटलं, आपण चिडायला हवं. पण गुडघ्यांपलीकडं काही जाणवेना.

कापून झाल्यावर साहेब नेहमीच मऊ व्हायचा. त्यानं कापी, म्हणजे इकडची कॉफी, मागवली. शिपायानं दोन पितळी टंबलर आणून टेबलावर ठेवले. भामाची नजर खिडकीकडं गेली. गजांपलीकडं, व्हरांड्याच्या बाजूला, कट्ट्यावर एक ॲल्युमिनियमचा टंबलर पालथा घातलेला होता. काठाला पोचा. तेरा वर्षं ती याच खिडकीशी बसत आली होती.

ती उठली. गजांतून हात घालून तिनं तो टंबलर आत घेतला. आपली कापी पितळी टंबलरातून त्यात ओतली, पुन्हा बाकावर येऊन बसली, आणि चक्क तोंड लावून घोट घेतला.

"अक्का," शिपाई कसाबसा म्हणाला, "तो... तो आमच्यातला नाही."

"हे काय चाललंय?" सांबशिव म्हणाला.

"वहीत नाही, अय्या," भामा म्हणाली. "कापी पितेय नुसती."

रघोजीचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, तरी हसत होता. भामाला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

तेवढ्यात ठाणं झाडणारी मारियायी व्हरांड्यातून आली. अंगण झाडून झालं होतं. तिची कापीची वेळ. खराटा काखेत धरून तिनं सवयीनं कट्ट्यावर हात फिरवला. हाताला काही लागेना. मग तिनं वाकून गजांतून आत पाहिलं, आणि भामाच्या हातातला टंबलर तिला दिसला. ती रागावली नाही. चूक तिचीच झाल्यासारखी घाबरली.

"अम्मा," ती हळूच म्हणाली, "मग मी आता कशात पिऊ?"

रघोजीचे खांदे थांबले.

टेबलावर भामाचा पितळी टंबलर रिकामा उभा होता. शिपायानं त्याच्याकडं पाहिलं आणि नजर छताला लावली. सांबशिवाचा हात पेन्सिलीकडं गेला आणि तिथंच राहिला.

भामा नुसती तिच्याकडं बघत राहिली.