काचेचा पाय

"मावशी, तिचा हात सोडा आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रेश्माच्या आईला सोडवेना. अपघातात लेकीच्या नडगीचा चुरा झाला होता आणि त्या पोकळीत डॉक्टरांनी काचेचे बारीक दाणे भरले होते. ही काच हळूहळू विरते, तिच्या जागी हाड धरतं, असं बाईंनी दहादा समजावलं होतं. आजच्या एक्स-रेत तसं दिसतही होतं. पण जिचा जन्म गावाला बांगड्या भरण्यात गेला, तिला काच म्हणजे काय हे कोण शिकवणार?

शेवटी हात सोडून ती मागे सरली आणि तिनं खिडकीचा गज घट्ट आवळला. रेश्मा वॉकरला धरून उभी होती. पाय टेकायचं धाडस तिलाही होईना. आईचा सगळा जीव कानांत गोळा झाला.

कडकन आवाज आला.

आईनं डोळे गच्च मिटले. "तरी मी सांगत होते! मोडला ना पाय?"

"आई, हात बघू तुझा. रक्त येतंय."

तिनं डोळे उघडले. गजावर दाबून तिचीच बांगडी पिचली होती. तिचं मनगट हातात घेऊन रेश्मा समोर उभी होती, आणि वॉकर पार खोलीच्या त्या टोकाला राहिला होता.