हात पोहोचतो तिथवर

डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचून सुपरवायझरने चष्मा कपाळावर सरकवला.

"हलकं काम द्यावं, एवढंच लिहिलंय. हलकं म्हणजे नेमकं काय, ते नाही लिहिलं."

ती त्याच्या टेबलासमोर उभी होती. साडेतीन महिन्यांपूर्वी याच धुलाईखान्यात, हॉस्पिटलच्या ओल्या चादरी उंच दांडीवर टाकताना तिचा पाय घसरला होता आणि उजवा खांदा निखळला होता. आता खांदा जागेवर होता. निदान चिठ्ठीत तसं म्हटलं होतं.

सुपरवायझरने कोपऱ्यात एक खुर्ची ठेवली. उशांचे अभ्रे आणून दिले. "बसून घड्या घाला, ताई. बाकी कशाला हात लावू नका."

अभ्रे साडेदहापर्यंत संपायचे. मग ती नुसती बसून राहायची. समोर बायका ओल्या चादरींचे पिळे सोडवत, झटकत, दांडीवर भिरकावत. ती उठली की कुणीतरी म्हणायचं, "राहू द्या, ताई, आम्ही आहोत ना." बादली उचलली की हातातून काढून घ्यायचं. जेवायच्या सुट्टीत तर डब्याचं झाकणही दुसरीच उघडून द्यायची. बोलण्यात सगळ्यांच्या माया होती. त्या मायेनेच तिला नको नको झालं होतं.

"दमलीस?" नवरा संध्याकाळी विचारायचा.

"बसून बसून," ती म्हणायची. तो हसायचा. तिला हसू येत नसे.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी दोघीजणी आल्याच नाहीत आणि हॉस्पिटलातून मात्र दुप्पट कपडे आले. ओल्या चादरींचा ढीग कंबरेपर्यंत चढला. सगळ्यांत उंच म्हणून जिला सगळे शिडी म्हणत, ती एकटीच दोन दांड्यांमध्ये पळापळ करत होती. खुर्चीत बसून तिला ते बघवेना. ती उठली, ढिगातली एक चादर घेतली, झटकली. झटकणं जमलं. मग सवयीने दोन्ही हात वर गेले आणि खांद्यातून अशी कळ आली, की डोळ्यांपुढे अंधारी आली. चादर पचकन फरशीवर पडली.

सगळ्यांचे हात थांबले. सुपरवायझर धावत आला.

"कुणी सांगितलं होतं उठायला? पुन्हा काही झालं तर वरचे लोक मला धारेवर धरतील. तुम्हाला बसायला खुर्ची दिली, सोपं काम दिलं, अजून काय करायचं मी?"

"विचारायचं," ती म्हणाली. आवाज चढवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "काय जमतं, काय नाही, हे मला एकदा तरी विचारायचं, भाऊ."

त्याने एक टोपली पालथी घातली आणि त्या टोपलीवर बसला. सकाळपासून तोही बसला नव्हता.

"बरं. सांगा."

"उचलता येतं. झटकता येतं. घडी तर येतेच. फक्त वर टाकता येत नाही."

"वर म्हणजे कुठपर्यंत?"

हे शब्दांत सांगण्यासारखं नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांद्याच्या व्यायामात शिकवलं होतं तशी बोटं भिंतीवरून चालवत तिने उजवा हात वर नेला. छातीपर्यंत सहज गेला. खांद्यापर्यंत गेला. मग सावकाश, एकेक बोट करत हनुवटीपर्यंत. तिथे थांबला.

सुपरवायझर उठला. डाग न गेलेल्या चादरींवर खूण करायचा खडू खिशातून काढला आणि तिच्या बोटांच्या टोकाशी आडवी रेघ ओढली.

"दांडी इथे आणली तर?"

"तर दिवसभर टाकेन. मधे मधे घड्यांना बसेन."

"एक दांडी खाली घ्यायला फिटरला अर्धा तास लागेल." तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम." आणि फिटरला बोलवायला वळला.

दारापाशी पोचल्यावर त्याला जाणवलं, की मागे अजून कुणाचेच हात चालू झाले नव्हते. त्याने वळून पाहिलं.

धुलाईखान्यातली सगळ्यांत जुनी बाई, जिला तोही मावशीच म्हणायचा, एप्रनला हात पुसत भिंतीपाशी आली होती. रेघेकडे तोंड करून ती उभी राहिली आणि बोटं वर चालवू लागली. तिचा हात रेघेच्या चार बोटं खालीच थांबला. तिने दात आवळून पुन्हा एकदा जोर केला. तिथेच थांबला. तिच्या मागे आणखी दोघी हात पुसत उभ्या होत्या. त्यांत शिडी होती.

"मावशी," सुपरवायझर म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

मावशीने हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने खांदा चोळला.

"मी कुठे पडले होते?"