मले

शकूरनं आपल्या लाउडस्पीकरच्या दुकानात नवीकोरी तबकडी कव्हरातून काढली, फुंकर मारून पुसली आणि विचारलं, "लावू का, जनकाबाई?"

जनकाबाई कव्हराकडं बघत होती. त्यावर फोटो तिचाच होता, डोक्यावर पदर घेतलेला. आतली सगळी गाणी तिनंच रचलेली, चाली तिच्या, आवाज तिचा. पण मुंबईच्या स्टुडिओत प्रत्येक गाणं तिच्याकडून दोनदा गाऊन घेतलं होतं. एकदा तिनं बांधलं तसं 'मले' म्हणत, आणि एकदा 'मला' म्हणत.

"'मले' म्हटलं की पुण्यात हसतील, बाई," तिथले साहेब म्हणाले होते. "कोणतं ठेवायचं ते आम्ही बघू."

'मला' म्हणतानाही सूर ढळला नव्हता. पण दुसरीच कुणी बाई आपल्या तोंडून गातेय, असं तिला वाटलं होतं. त्यानंतर कंपनीनं काही कळवलं नाही. आज शकूरनं जालन्याहून रेकॉर्ड आणली आणि तिच्या गावी, जानेफळला, निरोप धाडला.

"लाव ना बे," तिचा नवरा सहदेव म्हणाला. "काऊन जीव टांगनीले लावून राह्यला?"

सुई टेकली. दुकानावरच्या भोंग्यातून आधी खरखर आली, मग गिटार, मग व्हायोलिन. चिखलीच्या बाजारात कापसाच्या गाड्या घेऊन आलेल्यांना वाटलं, सिनेमाचं गाणं लागलं. आणि आवाज उठला,

"मले पुसू नका कोनी, माह्यं गाव कोनतं..."

जनकाबाईनं सहदेवचा दंड घट्ट धरला. "मलेच हाय!" ती ओरडली. "अवं, मलेच हाय!"

गाडीवरचा एक म्हातारा उठून उभा राहिला. "अबे, हे तं आपल्या घरातलं बोलनं हाय!" लोक दुकानाकडं धावले. रस्ता माणसांनी भरला. मागं अडकलेली देऊळगाव राजाची एस.टी. हॉर्नवर हॉर्न देऊ लागली, पण कुणी हललं नाही.

गाणं संपलं. "पुन्हा लाव!" असा गलका झाला. शकूरनं सुई उचलली.

"थांब," जनकाबाई म्हणाली. "याचं शेवटचं कडवं त्याईनं कापलं. लांब होते म्हने."

शकूरनं लग्नात वापरायचा माईक पुसला आणि तिच्यापुढं धरला. "मंग थे तुम्हीच म्हना."

तिनं पदर खोचला.

"गाव पुसते मले, कुठं गेली होती बाई,
तिथंच गेली होती, जिथं रस्ता जात नाई..."

दुसऱ्या ओळीला सहदेवची बोटं दुकानाच्या फळीवर ढोलकीसारखी पडू लागली. गर्दीच्या मागं हॉर्न थांबला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला.